यादीत नसलेली माणसं

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं सातारा-रत्नागिरीकडच्या गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात अमुक इतके गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले, ज्याला सगळा जिल्हा ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतो, ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले. आमच्या कोरेगावकडच्या गावातही चावडीच्या भिंतीत अशी पाटी आहे. पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत. त्या आकड्यांत एक आमच्या घरातला आहे, हे मला आजीनं सांगितलं. तो नुसत्या गेलेल्यांत धरायचा की मेलेल्यांत, यावरून घरात एक अख्खी पिढी भांडली, हेही तिनंच सांगितलं.

तो आजीचा चुलतसासरा. बायका थोरल्यांचं नाव घेत नसत, म्हणून घरात त्यांचा उल्लेख ‘बसऱ्याचे’ असाच व्हायचा. “बसऱ्याच्या लढाईला गेलं, ते आलंच न्हाईत,” इथून आजीची गोष्ट सुरू व्हायची. तिनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या बायकोला मात्र तिनं जवळून पाहिलं होतं. घरात सगळे तिला थोरली आई म्हणत.

बसऱ्याची लढाई म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकची मोहीम. तिथं गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावानं ओळखली जायची. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीनही मराठा पलटणी तिच्यात होत्या. जनरल टाउनशेंड हे सैन्य घेऊन टायग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या दिशेनं निघाला. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनला त्याला मागं फिरावं लागलं आणि तो कुट अल अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरला. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे-खेचरं मारून मांस वाटलं गेलं. ते घोड्याचं, म्हणून कित्येक हिंदी शिपाई त्याला शिवेनात. अंगावर स्कर्व्ही फुटली. विमानातून पोती टाकून पाहिली, ती कुठं पुरणार? वेढा फोडायला खालून जे सैन्य आलं, त्यातलेच सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ला टाउनशेंडनं शरणागती पत्करली. जवळपास १३ हजार माणसं कैद झाली आणि त्यांतली बहुसंख्य हिंदी होती.

खुद्द टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना बगदाद, समारा, मोसुल असं उन्हातून चालवत रास अल ऐनला नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. आधीच चार-पाच महिने उपाशी असलेली ती माणसं. हगवणीनं, तापानं, तहानेनं रस्त्याच्या कडेला बसत गेली. हिंदी शिपायांपैकी अडीच ते तीन हजार परत आले नाहीत, असा अंदाज आहे. अंदाज म्हणायचं, कारण कितीजणांच्या बाबतीत ‘मेला’ असंही कुणी लिहून ठेवलं नाही.

युद्ध संपल्यावर शेजारच्या गावचा एक जण कैदेतून सुटून आला. थोरली आई बैलगाडी जोडून त्याच्या दारात गेली. त्यानं सांगितलं, मोसुलच्या अलीकडे एका मुक्कामावर त्यांना बसलेलं पाहिलं होतं, पाय सुजले होते, आम्हाला पुढं हाकललं. “बसल्यालं पायलं म्हंजी मेल्यालं न्हवं पायलं,” असं म्हणून ती परत आली. त्यानंतर पंचक्रोशीतला जो जो शिपाई रजेवर किंवा पेन्शनीत आला, त्याच्या दारी ती जाऊन बसली. तिच्याजवळ दाखवायला फोटोही नव्हता. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं, उसाच्या चरकात गेलेलं, तेवढी खूण ती सांगायची.

आजी लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं होऊन वीस-बावीस वर्षं लोटली होती आणि थोरली आई अजून कुंकू लावत होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग त्याचं क्रियाकर्म करून टाकायचं, असा शास्त्राचा रिवाज. ती मुदत कधीच टळली होती. भावकीनं माहुलीहून भटजी आणवला होता. थोरल्या आईनं त्याला ओसरीवर बसवून, पाणी देऊन सांगितलं, “हाडं आणून दावा, मंग पळसाची पानं जाळा.” भटजी दक्षिणा न घेता उठून गेला म्हणतात. संक्रांतीला सुरुवातीची काही वर्षं तिला वाणाला कुणी बोलावलं नाही. नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती आणि बोलवायचीही नव्हती. मग एका साली पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं स्वतः येऊन तिला हळद-कुंकू लावलं. त्यावर गावात पुढं कुणी बोललं नाही.

ती गेली तेव्हा भांडण पेटलं. तिला सवाष्ण म्हणून न्यायचं की विधवा म्हणून? भावकीतल्या पुरुषांचं म्हणणं, चाळीस वर्षांवर झाली, आता कसलं सवाष्णपण. माझी आजी, जी सासऱ्यांसमोर मान वर करून कधी बोलली नव्हती, ती दारात आडवी उभी राहिली. “जिनं जलमभर लावलं, तिचं तुम्ही कोण पुसणार?” थोरल्या आईला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. मग संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, तिचे दिवस झाल्यावर आजोबांनी तिच्या नवऱ्याचाही पालाशविधी करून टाकला. आजी हे सांगताना हातानं मापं दाखवायची. दर्भावर पळसाचे ३६० देठ मांडतात, हाडं म्हणून. डोक्याच्या जागी नारळ. देठ हातापायांना किती, छातीला किती, हे भटजी मोजून सांगत होता आणि आजोबा मांडत होते. उजव्या हाताची बोटं मांडायची वेळ आली तेव्हा आजोबा थांबले आणि एक देठ मोडून अर्धाच ठेवला. तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं श्राद्ध आमच्याकडे अजून सर्वपित्री अमावास्येला घालतात.

आता यातली मला छळणारी गोष्ट. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांचं स्मारक इंग्रजांनी बसऱ्याला उभारलं. ४० हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र प्रत्येक पलटणीपुढं फक्त आकडा कोरलेला आहे. हे स्मारक ज्याच्याकडे आहे, त्या राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं २०२१मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. चावडीच्या भिंतीतली पाटी आणि बसऱ्याची भिंत, दोन्हींकडे आमच्या माणसाचा एक आकडा झाला. थोरल्या आईनं चाळीस वर्षं भांडून त्याला आकडा होऊ दिलं नाही, असं मला वाटतं.

आमच्या घरातून कैदेत गेलेला दुसरा माणूस परत आला. आजीचे दीर, आमचे आप्पा. ते दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठाच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. जून १९४२मध्ये रोमेलनं तोब्रुक घेतलं तेव्हा ही बटालियन आत होती. एका दिवसात ३० हजारांवर माणसं कैद झाली. आप्पांना समुद्रापार इटलीत नेलं, डोंगरातल्या आव्हेझ्झानो गावाजवळच्या छावणीत, जिथं हिंदी कैदी ठेवत. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीनं शस्त्रं खाली ठेवली, पहारेकरी पळाले, आणि आप्पा चार जणांबरोबर डोंगरात शिरले. धनगरांच्या वाड्यांवर राहिले. मेंढरं राखली. धनगराच्या बायकोनं जर्मनांपासून त्यांना चाऱ्याच्या गंजीत लपवलं होतं, हे ते फार हळवे होऊन सांगत. आमच्या घरी मेंढपाळ आले की आप्पा त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देत नसत.

आप्पांच्या गोष्टीतला मला आज सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग पळापळीचा नाही. पकडल्यावर एका टेबलाशी रांग लागली. नाव सांगायचं, हुद्दा सांगायचा, नंबर सांगायचा. बाकी काही विचारलं तर गप्प राहायचं. हे एका कार्डावर उतरलं आणि काही महिन्यांनी रेडक्रॉसमार्फत त्याचा कागद गावी आला. गुरुजींनी तो मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचला. “जवर कुणी लिवून घेत न्हाई,” आप्पा म्हणायचे, “तवर तुला मारून टाकलं काय आन् ठिवलं काय, कुणाला जाब द्यायचाय?” थोरली आई तेव्हा हयात होती. पारावर वाचलेला तो कागद तिनं मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, आमच्या वेळंला हे का नव्हतं?

आप्पांचं ते वाक्य १९४९च्या जिनिव्हा करारात कलमांच्या भाषेत आहे. कैद्यानं नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख सांगावी, याहून जास्त त्याच्याकडून काढू नये. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यावं. प्रत्येक देशानं माहिती केंद्र उघडावं, याद्या जिनिव्हाच्या मध्यवर्ती कचेरीकडे जाव्यात. आणि प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडावं. भारत आणि पाकिस्तान दोघंही या कराराला बांधलेले आहेत.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली नाही, पण ती मला घरातल्याच माणसानं सांगितली. माझी आत्या साठीच्या दशकात पुण्याला शिकायला गेली आणि तिला बॅडमिंटनचं वेड लागलं. राष्ट्रीय विजेतीचं नाव ती वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर शोधायची. दमयंती सुभेदार. सलग काही वर्षं महिला एकेरीची विजेती, पुढं अर्जुन पुरस्कार. १९७०मध्ये तिनं हवाई दलातल्या फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे या मराठी वैमानिकाशी लग्न केलं. आत्याला याचा कोण आनंद, खेळाडू मराठी घरात आली म्हणून. दीड वर्षानं ते नाव खेळाच्या पानावरून पहिल्या पानावर आलं.

डिसेंबर १९७१च्या पहिल्या आठवड्यात तांबे सुखोई-७ घेऊन शोरकोटच्या धावपट्टीवर हल्ला करायला गेले आणि त्यांचं विमान पाडलं गेलं. त्याच दिवसांत ढाक्याहून निघणाऱ्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’नं भारताचे पाच वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. त्यात एक नाव ‘टॉम्बे’ असं होतं. तांब्यांचं टॉम्बे झालं, हे इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही कळावं. कैद्यांच्या यादीत मात्र ते नाव आलं नाही.

आत्यानं एका जाड वहीत कात्रणं चिकटवली आहेत. त्या वहीत दुसरंही एक मराठी नाव आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १० डिसेंबरला त्यांचंही विमान पडलं आणि तेही पकडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत ते बारा वैमानिक होते. जिनिव्हा करारानुसार मिळणारा महिन्याचा भत्ता त्यांनी साठवला, कोठडीची भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२च्या एका वादळी रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघं बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून जमरूद, मग लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द काही मैलांवर उरली होती. तिथं त्यांनी लंडी खाना कुठं म्हणून विचारलं. त्यांच्या नकाशावर ते रेल्वे स्टेशन होतं, पण ते बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. ज्या गावाला कुणी जात नाही तिथला रस्ता विचारणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघं पकडले गेले. कबायली मुलखात हेर समजून जागीच गोळी घातली गेली असती. परुळकरांनी त्यांना ओळखणाऱ्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला फोन लावायला लावला आणि ते वाचले. १ डिसेंबर १९७२ला वाघ्यावरून सगळ्यांबरोबर ते परत आले. पुढं ते ग्रुप कॅप्टन झाले, पुण्यात राहिले.

माझा निष्कर्ष असा, की त्या क्षणी परुळकरांना त्यांच्या धाडसाइतकंच त्यांच्या नोंदीनं वाचवलं. ते कुठल्यातरी वहीत होते. फोनच्या पलीकडे त्यांना ‘हा आमचा कैदी’ म्हणणारा माणूस होता. हवाई दलाचा गणवेश तोच, महिना तोच. तांब्यांच्या बाबतीत वर्तमानपत्रानं छापलं आणि वहीनं नाकारलं.

असे ते एकटे नाहीत. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१च्या अंकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला. मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी तो ओळखला. मेजर अशोक सुरी यांना तर सैन्यानं ‘मृत’ म्हणून कळवलं होतं. डिसेंबर १९७४मध्ये त्यांच्या वडिलांच्या हाती मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी पडली आणि १९७५मध्ये कराचीहून दुसरी आली: इथं आम्ही वीस अधिकारी आहोत, सरकारनं पाकिस्तानशी बोलावं, अशा आशयाची. हस्ताक्षर तज्ज्ञानं तपासलं, आणि सुरींच्या नावापुढचा शेरा ‘मृत’वरून ‘बेपत्ता’ असा बदलला गेला. मोहनलाल भास्कर हा भारताचा हेर पाकिस्तानच्या तुरुंगांतून १९७४मध्ये सुटून आला आणि त्यानं भारतीय लष्करी कैद्यांबद्दल ऐकलेलं लिहून ठेवलं. व्हिक्टोरिया स्कोफील्ड या इंग्रज पत्रकार बाईंनी भुट्टोंच्या खटल्यावर पुस्तक लिहिलं. लाहोरच्या कोट लखपत तुरुंगात भुट्टोंना रात्री भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकू यायच्या आणि ते १९७१चे, वेड लागलेले भारतीय युद्धकैदी असल्याचं सांगण्यात आलं, असं त्यात आहे.

हे सगळं वाचताना मन एका आकड्यापाशी अडतं. ९३ हजार. ढाक्याच्या शरणागतीनंतर पाकिस्तानचे एवढे सैनिक आणि नागरी लोक आपल्या ताब्यात होते. त्यांना छावण्या होत्या, रेशन होतं, दवाखाने होते, आणि एकूण एक माणसाची नोंद होती. जुलै १९७२मध्ये सिमल्याला करार झाला. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल १ डिसेंबर १९७२ला झाली, तेव्हा सहाशेवर भारतीय परत आले. ऑगस्ट १९७३मध्ये दिल्ली करार झाला आणि ३० एप्रिल १९७४ला शेवटच्या गटाबरोबर जनरल नियाझी वाघा ओलांडून गेले. तोवर आपल्या हातात ९३ हजारांचं वजन होतं. आमची यादी ही, तुमची यादी दाखवा, टाइमचा फोटो हा, ऑब्झर्व्हरचं कात्रण हे, असं टेबलावर मांडायला तेवढी वर्षं पुरेशी होती. ते का झालं नाही? त्या वेळी लोक म्हणत, युद्ध जिंकलंय, आता बारीकसारीक काय काढायचं. आत्या यावर चिडते. “बारीकसारीक? कुणाच्या घरातलं माणूस बारीक असतं?” ती म्हणते, आणि मला तिचा राग पटतो. पाकिस्ताननं काय दडवलं हा एक प्रश्न. पण विचारायचं ते आपण वेळेवर विचारलं का, हा आपल्याच घरातला प्रश्न आहे आणि तो तितकाच मोठा आहे.

सरकारनं पहिल्यांदा नावं अधिकृतपणे मांडली ती एप्रिल १९७९मध्ये, लोकसभेत. तेव्हा ती ४० होती. पुढं वाढत ५४ झाली. बहुतेक १९७१चे, काही १९६५चे. ‘मिसिंग फिफ्टी-फोर’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. तोवर सुरींच्या वडिलांसारखी म्हातारी माणसं स्वतःच्या खर्चानं दिल्लीचे खेटे घालत होती. कचेऱ्यांत बसून, एकमेकांना भेटून या घरांनी संघटना उभी केली. १९८३मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊ दिलं. जून २००७मध्ये चौदा जण पाकिस्तानात जाऊन तुरुंगामागून तुरुंग हिंडून आले. दमयंती तांबे त्यांत होत्या. दाखवले ते मुलकी तुरुंग. युद्धकैदी ठेवले असतील तर लष्करी ठिकाणी, आणि त्यांची दारं उघडली नाहीत. कैद्यांच्या जुन्या नोंदी, लष्करी रुग्णालयांची रजिस्टरं, वेड्यांच्या इस्पितळांच्या वह्या, दफनाच्या नोंदी पाहायच्या होत्या. त्याऐवजी त्यांना चहा-बिस्किटं आणि गोड बोलणं मिळालं.

दमयंतीबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागात नोकरी केली, मुलामुलींना खेळवलं, आणि उरलेला वेळ फायलीला दिला. साक्षीपुराव्याच्या कायद्यानं सात वर्षं ज्याची खबर नाही तो माणूस मेला असं धरता येतं. शास्त्रानं बारा सांगितली. थोरल्या आईनं बारा मानली नाहीत आणि दमयंतीबाईंनी सात. एक निरक्षर शेतकरीण, दुसरी अर्जुन पुरस्कारप्राप्त खेळाडू, दोघींमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर, आणि दोघींचं म्हणणं एकच: तुम्ही मुदत मोजून माणूस मेला असं ठरवू नका, नोंद दाखवा. लोकांना हे वेडेपण वाटतं, नवरा येईल या आशेवर बाई बसली आहे असं वाटतं. आशा असेलही, तिचा हिशेब मागणारे आपण कोण? पण मागणी आशेची नाही. मागणी जाबाची आहे, आणि ती उद्या दफनाची नोंद हाती आली तरी पुरी होईल.

हेही सांगायला हवं की या चौपन्नांपैकी कित्येक जण विमान पडलं त्याच दिवशी, किंवा पकडल्यावर गावकऱ्यांच्या मारानं, किंवा पहिल्या चौकशीत गेले असण्याची शक्यता मोठी आहे. रावळपिंडीहून परतलेल्या बारा वैमानिकांना छावणीत दुसरं कुणी भेटलं नव्हतं. चंदर सुता डोगरा यांनी या प्रकरणावर अलीकडे जे पुस्तक लिहिलं, त्यात आपल्या सरकारच्या गोंधळावरही प्रकाश टाकला आहे. कुटुंबांना हे सगळं ठाऊक आहे, बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ‘जिवंत आहे’ असं म्हणणाऱ्याला ते पुरावा विचारतात, तसाच ‘मेला’ म्हणणाऱ्यालाही विचारतात.

डिसेंबर २०११मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्या. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. दोन देशांतले वाद दोघांतच सोडवायचे, हे सिमल्यापासूनचं धोरण आहे, त्यामुळे सरकारला तिसऱ्याकडे जायचं नाही. मला हे धोरण समजतं. पण मग दोघांत जे सोडवायचं ते पन्नास वर्षांत किती सोडवलं, हे विचारायचा अधिकार त्या घरांना आहेच. जुलै २०१९मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की युद्धकैद्यांसह आपले ८३ सैनिक पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचं आपण मानतो. पाकिस्तानचं उत्तर जुनंच आहे: आमच्याकडे कुणी नाही.

याद्या देता-घेता येतच नाहीत असं नाही. २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत मुलकी कैदी असतात आणि मच्छीमार असतात. पालघर-डहाणूकडची पोरं गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, हद्द ओलांडली म्हणून पकडली जातात आणि कराचीच्या तुरुंगात पडतात. त्यांचे हाल आहेतच, काही तिथं मेलेही आहेत. पण नाव यादीत असतं, म्हणून बायको सरपंचाकडे जाऊ शकते, आमदाराला गाठू शकते, निदान मृतदेह मागू शकते. त्याच दोन तारखांना भारत बेपत्ता सैनिकांचाही उल्लेख करतो, त्यांना सोडा असं म्हणतो, आणि सहा महिन्यांनी तेच वाक्य पुन्हा निघतं.

त्या वाक्याच्या जागी नावनिशीवार मागणी जायला हवी. हा वैमानिक, ही तारीख, हे ठिकाण, तुमच्याच वर्तमानपत्रातली ही बातमी. या तारखेची लष्करी रुग्णालयाची वही दाखवा, त्या ठाण्याची दाखवा, दफन केलं असेल तर जागा दाखवा. दोन्ही बाजूंचे निवृत्त न्यायाधीश घेऊन कैद्यांसाठी समिती पूर्वी नेमली गेली होती, ती तुरुंगांना भेटीही देत होती. तशाच समितीला या जुन्या वह्या उघडायला द्याव्यात. सुरींचे वडील हे पाहायला राहिले नाहीत, बहुतेकांचे आईवडील राहिले नाहीत. आता फायली पुतण्या-भाच्यांच्या हाती आहेत, आणि आत्या म्हणते त्याप्रमाणे वही उघडायला लढाई लागत नाही, दोन कारकून लागतात.